शहादेव सरांचा आवाज

आमच्या कॉलेजात मुलींचा आइस हॉकीचा संघ निघाला तेव्हा आमच्या भागात बर्फ तीनच ठिकाणी दिसायचा: लग्नात, रसवंतीवर आणि मयताच्या घरी.

युसूफ वडगावच्या पुढं चार किलोमीटरवर आमचं कॉलेज आहे. मी तिथं मराठी शिकवतो. संस्थेचे अध्यक्ष अमरसिंहदादा एकदा मुंबईहून बैठक आटोपून आले ते हा खेळ घेऊनच आले. बैठकीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की कबड्डीत पदक आणायचं तर शंभर संघ आडवे करावे लागतात, पण आइस हॉकीत संघच चार-पाच उतरतात; नुसतं वेळेवर पोचलं तरी काहीतरी गळ्यात पडतं. दादांचं अख्खं आयुष्य निवडणुकीत गेलेलं. बिनविरोध या शब्दाची गोडी त्यांना वेगळी सांगावी लागली नाही.

"पण खेळणार कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"पोरी," दादा म्हणाले. "पोरींचे संघ तर आणखीन कमी हायेत."

सरावाची जागा दादांनीच दिली. केज रस्त्याला त्यांचं मंगल कार्यालय आहे, त्याची फरशी नवी आणि गुळगुळीत. मुलींनी त्या फरशीवर चाकांचे स्केट घालून खेळायचं आणि मनात बर्फ धरायचा, असं ठरलं. तिथीच्या दिवशी अर्थातच सराव बंद. त्यामुळं वैशाखात आमचा संघ पार मोडायचा आणि चातुर्मासात जोर धरायचा.

प्रशिक्षक म्हणून शहादेव सर. ते आमचे क्रीडाशिक्षक. तरुणपणी कबड्डीत अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा चढाई करणारा गडी नव्हता. आता पोट थोडं सुटलं होतं, पण आवाज तोच होता. सर मैदानावरून ओरडले की प्राचार्यांच्या टेबलावरचा पेला वाजायचा. आइस हॉकी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी मोबाइलवर दोन सामने पाहिले आणि मला म्हणाले, "सर, काय अवघड न्हाई. चढाईच हाय. हातात काठी आन् पायाखाली बर्फ, येवढाच फरक."

आणि त्यांनी मुलींना कबड्डीच शिकवली. समोरच्याच्या हद्दीत घुसायचं, शिवायचं आणि जीव घेऊन परत यायचं. या खेळात चेंडूऐवजी असते ती चकती घेऊन एखादी मुलगी समोरच्या गोलाजवळ पोचली की सरांच्या छातीतून आपोआप आरोळी निघायची, "मागं फिर! फिर मागं!" तीस वर्षांची सवय ती. गडी तिकडं फार वेळ राहिला तर पकडला जातो, हे त्यांच्या रक्तात होतं. आमच्या मुली आज्ञाधारक. गोल हातभर अंतरावर असायचा आणि मुलगी वळून परत यायची.

बहुतेक मुली प्रमाणपत्रासाठी आल्या होत्या. पोलीस भरतीत कामाला येईल, असं घरच्यांनी डोक्यात घातलेलं. विजयमाला आली ती तशीच. गोलकीपर संस्कृती आली, कारण तिला धावायचा कंटाळा होता. कर्णधार सुकन्या मात्र निराळी. तिच्या घरी मेंढरं. वडील गेल्यापासून ती आणि तिची आई भामाबाई दोघी दीडशे मेंढरं सांभाळायच्या. पहिल्या दिवशी तिनं एकच विचारलं होतं, "सर, खरा बर्फ बघायला मिळंल का?" सरांनी "मिळंल की" म्हणून सांगितलं आणि ती स्केट बांधायला बसली.

पहिली स्पर्धा लातूरला, चाकांवरचीच. संघासोबत एक व्यवस्थापक लागतो म्हणून मला पाठवलं. त्याच्या आदले दोन दिवस शहादेव सर नारायणगडावर यात्रेला गेले होते. तिथल्या गर्दीत स्वयंसेवकांचं काम त्यांच्याकडं होतं आणि रांग सरळ ठेवता ठेवता त्यांचा घसा पार बसला होता. लातूरला ते बाकावर बसले आणि तोंड उघडलं तर नुसती हवा आली. ते हात हलवत होते, मुठी आपटत होते, पण मुलींची पाठ त्यांच्याकडं होती.

समोर शहरातला नावाजलेला संघ. आमच्या मुलींनी त्यांना सात-शून्य हरवलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्पर्धेतला सगळ्यात कच्चा संघ समोर होता. त्यांच्या दोन मुली तर एकमेकींना धरून उभ्या राहत होत्या. पण भामाबाईंनी सुकन्याजवळ दिलेल्या ज्येष्ठमधानं रात्रीतून सरांचा घसा मोकळा झाला होता. आम्ही सहा-एकनं हरलो. तो एक गोलही समोरच्या गोलकीपरच्या चुकीनं झाला.

गावाकडं बातमी पोचली तेव्हा दादा चक्रावले. "काल वाघ आन् आज शेळी? ह्याच्यात कायतरी हाय," असं म्हणून त्यांनी एक समिती नेमली. खेळातील सातत्य अभ्यास समिती. मी मराठीचा म्हणून सचिव मी. समितीच्या तीन बैठका झाल्या, तीनही वेळा भजी चांगली होती. शेवटी निष्कर्ष निघाला की एक प्रशिक्षक अपुरा पडतो. हा निष्कर्ष बैठकीच्या आधीच दादांनी फोनवर सांगून ठेवला होता, कारण त्यांचा मेव्हणा राधाकिशन तेव्हा घरीच होता.

राधाकिशननं मोबाइलवर आठ दिवसांचा कसलासा कोर्स केला होता आणि त्याच्या प्रमाणपत्राला चौकट करून ती गाडीत ठेवली होती. माणूस वाईट नव्हता. त्याला नकाशे फार आवडायचे. मंगल कार्यालयाच्या फरशीवर त्यानं रांगोळीनं सहा चौकोन आखले आणि प्रत्येक मुलीला एकेक चौकोन दिला. "आपापला चौकोन सोडायचा नाही. ह्याला सिस्टीम म्हणतात," तो सांगायचा. कुणी चौकोनाबाहेर पडली की तो ओरडायचा, "पोझिशन!"

आता एका बाजूनं "मागं फिर" आणि दुसऱ्या बाजूनं "पोझिशन" असा सराव सुरू झाला. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. शहादेव सर म्हणायचे, "ह्यो काय खेळ हाय का पत्त्याचा डाव?" आणि राधाकिशन म्हणायचा, "सरांचं वय झालं, त्यांना आधुनिक कळत नाही."

पुढचा सामना परळीला होता. मुली आणि मी पहाटेच्या एसटीनं गेलो. दोन्ही प्रशिक्षक दादांच्या जीपमधून मागून येणार होते. पण औष्णिक वीज केंद्राच्या अलीकडं राखेचे टँकर रस्ताभर लागलेले आणि त्यातला एक आडवा झालेला. जीप तिथं दीड तास अडकली. इकडं सामना सुरू झाला. मी बाकावर एकटा, पिशव्या सांभाळत.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खेळ नीट पाहिला. सुकन्या चकतीच्या मागं पळतच नव्हती. ती चकती जिथं जाणार असायची तिथं आधीच पोचायची आणि मग हळूच काठी टेकवायची. विजयमाला तिच्याकडं न बघता चकती सोडायची. संस्कृती गोलात उभी राहून दोघींना मोठ्यानं सांगायची, "डावीकडून आली गं! ती लंगडती, तिच्याच अंगावर जा!" मध्यंतराला आम्ही चार-शून्यनं पुढं होतो.

तेवढ्यात दोन्ही प्रशिक्षक आले. दोघांच्या भुवयांवर राख. सामना चालू आहे म्हटल्यावर ते पाणीही प्यायले नाहीत, थेट बाकाशी येऊन सुरू झाले. "मागं फिर!" "पोझिशन!" "फिर मागं!" "चौकोन! चौकोन!" दुसऱ्या अर्ध्यात एक वेळ अशी आली की चकती पायाशी घेऊन विजयमाला मध्यावर थांबली आणि बाकाकडं बघून रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, आदी कुणाचं ऐकू?" समोरच्या मुलीनं तिच्या पायातून चकती उचलून नेली आणि गोल केला.

आम्ही पाच-चारनं हरलो.

समिती पुन्हा बसली. मी अहवाल लिहिला: दोन्ही प्रशिक्षक वेळेवर पोहोचले असते तर विजय निश्चित होता, यापुढे जीप एक तास लवकर सोडावी. दादांनी सही केली. शहादेव सरांनीही वाचून मान हलवली. आणि मला सांगायला लाज वाटते, पण ते लिहिताना मलाही ते खरंच वाटत होतं.

सत्य सांगितलं सुकन्यानं. परळीनंतर चौथ्या दिवशी दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत मी आणि शहादेव सरच होतो. सर डबा खात होते.

"ये की," सर म्हणाले. "भाकरी खाती का?"

"न्हाई सर. एक बोलायचंय. रागवू नका."

"बोल."

ती दारातून आत आली. मग एका दमात म्हणाली, "सर, लातूरला तुमचा घसा बसला तवा आमी जिंकलो. परळीला तुमी यायच्या आदी आमी जिंकत होतो. राधाकिशन सरांचं सोडा, त्यांचं आमी मनावर घेत न्हाई. पर तुमचं ऐकू आलं की पाय आपसूक मागं फिरतेत. तुमचं ऐकायचं न्हाई आसं ठरवलं तरी फिरतेत."

सरांचा घास हातातच राहिला. "म्हंजी मी गप बसावं?"

"न्हाई सर, तसं न्हाई..." ती अडखळली. "म्हंजी, व्हय."

"कावून सांगितलं न्हाईस आदी?"

"तुमी लई जीव लावून शिकिवता सर."

ती गेली. सरांनी डबा झाकला. माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजला आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. राधाकिशनही त्या आठवड्यात कुठल्याशा लग्नात होता, म्हणून मुली एकट्याच सराव करत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर माझ्या घरी आले आणि म्हणाले, "चला. मला बघायचंय. पर त्यांना कळता कामा न्हाई."

मंगल कार्यालयाच्या मागं स्वयंपाकाची शेड आहे. तिथं मोठमोठी पातेली पालथी घातलेली असतात आणि एका खिडकीतून हॉल दिसतो. आम्ही दोघं दोन पातेल्यांवर बसलो. चाळीस-बेचाळीस मिनिटं सरांनी पापणी हलवली नाही. दोनदा त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी स्वतःच त्यावर हात दाबला.

"सुकन्याचं वळणं बघितलं का?" शेवटी ते म्हणाले. "हे मी शिकवलं न्हाई."

"राधाकिशननं?"

"त्याच्या बापानं बी न्हाई. मेंढरं वळवताना मेंढरामागं पळत न्हाईत सर. ते जिकडं जाणार तिकडं आदी जाऊन उभं ऱ्हायचं. पोरगी येवढीशी हुती तवापासून हेच करतीय." त्यांनी खिडकीतून परत एकदा आत बघितलं. मग म्हणाले, "आन् मी तिला सालभर मागं फिरायला लावलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. लाजही नव्हती. आपल्या शेतात दुसऱ्याच कुणी पेरलेलं उगवून यावं आणि पीक मात्र झकास असावं, तसा काहीसा तो आवाज होता. त्यानंतर सरावाला ते येऊन बसायचे, पण तोंडात सुपारीचं मोठं खांड धरून.

हिवाळ्यात खऱ्या बर्फावरची स्पर्धा आली. हिमाचलातलं डोंगराच्या कुशीतलं एक लहान गाव. तिथलं तळं गोठतं आणि त्याच्यावरच खेळतात. देशभरातून पाच कॉलेजांचे संघ उतरले होते. मुंबईतल्या त्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं बरोबर होतं. दादांना निवडणुकीच्या गडबडीत येता आलं नाही. सामन्यांच्या दिवशी मोबाइलवरून बघतो म्हणाले.

गाडीतून उतरल्यावर सुकन्या सगळ्यांच्या पुढं चालत गेली आणि तळ्याच्या काठावर बसली. हातमोजा काढून तिनं बर्फाला तळवा लावला. मग आईला फोन लावून म्हणाली, "आये, समदं पांढरं हाय. न्हाई गं, गार म्हंजी, हाताला चावतंय." पलीकडून भामाबाईंनी काय विचारलं कोण जाणे. ती म्हणाली, "न्हाई, मेंढरं न्हाईत हितं. हितं खातील तरी काय?"

चार दिवस मुली नुसत्या पडत होत्या. संयोजकांनी धारेचे स्केट दिले होते. चाकाखालची फरशी धरते, बर्फ काहीच धरत नाही. विजयमालाचा कोपर सुजला. संस्कृती म्हणाली, "मी पडूनच गोल अडवते, तेवढंच सोपं." आणि तिनं तसंच सुरू केलं. राधाकिशन मात्र दुसऱ्याच दिवशी थंडीनं गार झाला. तीन रजया पांघरून तो खोलीतच बसला आणि तिथून मुलींच्या मोबाइलवर चौकोनांचे नकाशे पाठवू लागला. मुलींचे मोबाइल पिशवीत असत आणि पिशवी माझ्याकडं.

पहिले दोन सामने डोंगरातल्या कॉलेजांशी. त्या मुली चालायला शिकल्या त्याच बर्फावर. आम्ही अकरा-शून्य आणि नऊ-शून्यनं हरलो आणि हरल्यावर त्या मुलींनीच आमच्या मुलींना वळायचं कसं ते दाखवलं. स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा सामना. समोर आमच्यासारखाच एक मैदानी प्रदेशातला संघ.

सामन्याआधी शहादेव सरांनी मला कोपऱ्यात नेलं. गळ्यातला मफलर माझ्या हातात दिला. "तोंडावरनं दोन फेरे घाला आन् मागं गाठ मारा. घट्ट."

"सर, बाकावर बसलंच पाहिजे का? बाहेर थांबा की."

"हितला नियम हाय. प्रशिक्षक बाकावर नसंल तर संघ बाद."

मी गाठ मारली. सर बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

मुली छान खेळल्या. बर्फावर त्या अजून डगमगत होत्या, पण समोरच्याही डगमगत होत्या. सुकन्यानं पहिला गोल केला. मग त्यांनी एक केला. मग विजयमालानं सुजल्या हातानं दुसरा केला. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा आम्ही दोन-एकनं पुढं होतो. बाजूला मोबाइलवर दादा ओरडत होते, पण मधेच रेंज गेली म्हणून त्यांचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठून राहिला होता.

सुकन्या चकती घेऊन एकटीच निघाली. समोर फक्त गोलकीपर. आणि सर उभे राहिले. मफलर कधी खाली सरकला मला कळलं नाही.

"मागं फिर!"

डोंगरात आवाज घुमला. सुकन्याचे पाय वळले. चकती तिथंच राहिली. त्यांच्या एका मुलीनं ती उचलली, आमच्या मुली सगळ्या पुढं होत्या, आणि गोलातली संस्कृतीसुद्धा वळून बाकाकडं बघत होती. दोन-दोन.

सुकन्या हळूहळू बाकासमोर आली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. सर म्हणाले, "माझं चुकलं," आणि माझ्याकडं वळून विचारलं, "प्रशिक्षकाला हाकललं तर संघ बाद व्हतो का?"

मी नियमावलीचं पान उलटलं. "नाही. पंचांनी बाहेर काढला तर संघ खेळू शकतो."

"मग झालं," सर म्हणाले.

खेळ परत सुरू झाला तसे ते कठड्याशी गेले आणि पंचाला त्यांनी शिव्या घालायला सुरुवात केली. युसूफ वडगावच्या बाजारात जनावरांच्या सौद्यात ज्या शिव्या ऐकू येतात त्या सगळ्या. एरवी मी तिथून उठून गेलो असतो. पंच तिथलाच, डोंगरातला, गोल चेहऱ्याचा. त्याला वाटलं हे उत्तेजन देतायत. त्यानं हसून अंगठा दाखवला.

"आयला," सर म्हणाले. "ह्याला तर कळंना."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग खाली वाकून डाव्या पायातला बूट काढला आणि बर्फावर भिरकावला. बूट घसरत घसरत थेट पंचाच्या पायाशी जाऊन थांबला.

शिट्टी वाजली. पंच आला. आता तो हसत नव्हता. त्यानं दाराकडं बोट केलं. सर खूश होऊन निघालेच होते, तेवढ्यात पंचानं दोन बोटं वर केली आणि विजयमालाला बाहेर बसायची खूण केली.

"तिला कावून?" सरांनी मला विचारलं.

मी पान वाचलं आणि मला सांगवेना. "सर, बाकावरून वस्तू फेकली तर प्रशिक्षक बाहेर. आणि शिक्षा म्हणून दोन मिनिटं आपली एक मुलगी कमी."

सरांचा चेहरा पडला. "माझ्यामुळं?" ते परत आत यायला लागले. पंचानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. एक पाय बुटात, एक मोज्यात, आणि मान सारखी मागं.

बाकावर मी उरलो. साडेतीन मिनिटं बाकी होती आणि त्यातली दोन आम्हाला एक मुलगी कमी घेऊन काढायची होती. मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे. बावीस वर्षं वर्गात बोलायची सवय. मी घसा खाकरला.

"सर," सुकन्या म्हणाली, "तुमी बी नका बोलू."

मी खाली बसलो.

ती दोन मिनिटं संस्कृतीची. ती उभी राहिलीच नाही. आडवी पडून, पायानं, हातानं, एकदा तर हेल्मेटनं तिनं चकती अडवली. पडल्या पडल्याही ती सांगत होती, "उजवीकडची दमलीय! तिला पळवा!" दुसरं मिनिट संपता संपता चकती त्या दमलेल्या मुलीकडं आली. ती कुठं सोडणार हे तिला स्वतःला कळायच्या आत सुकन्या तिथं जाऊन उभी होती. चकती तिच्या काठीवर आली. ती निघाली. सगळा डोंगर गप्प होता. कुणी तिला मागं बोलावलं नाही.

गोल झाला. तीन-दोन. उरलेलं दीड मिनिट कसं गेलं ते मला आठवत नाही.

सामना संपल्यावर मी बूट शोधून बाहेर गेलो. सर एका भिंतीच्या आडोशाला उभे होते. उघड्या पायात कुणीतरी दिलेली प्लास्टिकची पिशवी. टाळ्या त्यांनी ऐकल्या होत्या, पण कुणासाठी ते कळलं नव्हतं.

"किती?"

"तीन-दोन."

"कुणी?"

"आपण. सुकन्यानं. एक मुलगी कमी असताना."

सर बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघा, मी नव्हतो म्हणून." आणि हे ते इतक्या अभिमानानं म्हणाले की मला हसावं की काय करावं समजेना.

केजला आम्ही पोचलो तर स्वागताला हलगी होती. उघड्या जीपवर पुढं दादा, त्यांच्या शेजारी राधाकिशन, नाक अजून लाल. मुली मागच्या ट्रॅक्टरमध्ये. दादांनी भाषणात सांगितलं की एक मुलगी कमी ठेवून खेळण्याची युक्ती राधाकिशनची होती. राधाकिशननंही ती ऐकली आणि दोन दिवसांत त्याला ती खरी वाटू लागली. भामाबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि पदकाकडं बघून विचारलं, "बर्फ आनलास का गं थोडा?"

शहादेव सरांवर संयोजकांनी एक वर्षाची बंदी घातली. दादांनी समिती बसवली. अहवाल पुन्हा मलाच लिहायचा होता. मी सरांकडं गेलो आणि म्हणालो, "मी खरं लिहितो."

"नका," ते म्हणाले. "खरं लिव्हलं तर दादा म्हणतील, प्रशिक्षकच नको. मग पोरींना स्पर्धेत उतरवणार कोन? बाकावर कुनीतरी बसाया पायजेच की." त्यांनी स्वतःच वाक्य सांगितलं आणि मी ते उतरवून घेतलं: श्री. शहादेव यांच्या बेशिस्तीमुळे विजय धोक्यात आला होता, तथापि उर्वरित मार्गदर्शकांच्या कौशल्यामुळे तो साध्य झाला. शेवटी शिफारस: प्रशिक्षकांची संख्या तीन करावी.

तीन झाली: राधाकिशन आणि दोन नवे. नव्या हंगामात संघ पहिला सामना सात-शून्यनं हरला. दुसऱ्याला तिन्ही प्रशिक्षक मानधनाच्या पत्रावर आधी कुणाचं नाव यावं यावरून बाहेर भांडत होते, तो आम्ही पाच-एकनं जिंकलो. तिसरा हरलो. सातत्य येत नाही, असं दादा अजून म्हणतात.

शहादेव सरांकडं आता वृक्षारोपणाचं काम आहे. तरी आठवड्यातून तीन दिवस ते पहाटे मंगल कार्यालयावर असतात. सुकन्यानंच त्यांना बोलावलं. अधिकृत सराव नऊला. त्याच्या आधी मुली आपल्या आपण खेळतात आणि सर दारात खुर्ची टाकून पेपर वाचतात. मी परवा सकाळी गेलो होतो. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

थोड्या वेळानं सुकन्या स्केटवरून दाराशी आली. "सर, तुमी चढाईला जाताना समोरच्याला हूल द्यायचा न्हवं? खांदा हिकडं आन् पाय तिकडं? ते कसं करायचं?"

सरांनी पेपर खाली ठेवला. "बोलू का?"

"इचारलंय म्हंजी बोला की."

त्यांनी चप्पल काढली, पँटचे पाय वर दुमडले आणि फरशीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. मुली भोवती जमल्या. सरांनी एक खांदा पाडला, तिसरीकडंच बघितलं आणि त्या जाडजूड देहानं अशी काही हूल दिली की संस्कृती खरोखरच दुसऱ्या बाजूला झेपावली आणि भिंतीवर आदळली.

"आता तू," सर सुकन्याला म्हणाले, आणि जाऊन परत खुर्चीत बसले.